अकरावा नियम

टॉर्चसाहेब किती चिडके होते, हे ज्याने भोगलं त्यालाच ठाऊक. चौतीस वर्षं लिफ्ट तपासायची नोकरी, म्हणजे दुसऱ्याच्या चुका शोधायचाच पगार. निवृत्त झाले आणि ती सवय घरी घेऊन आले. खिशात कायम टॉर्च. भर दुपारी कपाटाखाली उजेड मारून धूळ दाखवणारा माणूस, गल्लीने नाव ठेवलं ते उगाच नाही. त्यांच्या बायकोला मात्र सगळे वहिनी म्हणायचे, तेव्हा आपणही वहिनीच म्हणू.

कंबरदुखीवर उपाय म्हणून साहेबांनी न्हाणीघराला लागून असलेल्या अडगळीच्या खोलीत स्वतःच्या हाताने सॉना बांधला. चारी बाजूंनी लाकडाच्या फळ्या, दोन माणसं जेमतेम बसतील एवढी जागा, कोपऱ्यात विजेची शेगडी आणि शेगडीवर दगड. तापलेल्या दगडांवर डावभर पाणी टाकायचं आणि वाफेत घाम काढत बसायचं. वहिनी त्याला भट्टी म्हणायच्या. साहेबांच्या तोंडावर सॉना, पाठीमागे भट्टी.

दारावर साहेबांनी ठसठशीत अक्षरात अकरा नियम लिहून चिकटवले होते. बाक कोमट पाण्याने आणि मऊ ब्रशने घासायचे, तेही लाकडाच्या रेषेच्या दिशेने. साबण लावायचा नाही, डाग पडला तर खाण्याचा सोडा. धुतल्यावर शेगडी वीस मिनिटं चालू ठेवायची आणि मग दाराला पाचर लावून दार उघडं ठेवायचं. वर्षातून एकदा दगड उतरवायचे, तडकलेले फेकायचे, मोठे खाली, लहान वर, मधून हवा खेळली पाहिजे. असं करत करत शेवटचा नियम लाल शाईत, खाली दोन रेघा मारून: ‘आतल्या लाकडाला वार्निश, पॉलिश, रंग काहीही लावायचं नाही. कारण विचारू नये.’

विचारू नये म्हणायचं आणि दिसेल त्याला धरून सांगायचं. वार्निश तापलं की मऊ पडतं, अंगाला चिकटतं, त्याचा वास छातीत जातो, आणि एकदा आत मुरलं की लाकूड मेलंच समजा. एका रंगाऱ्याने भाबडेपणाने म्हटलं होतं, एक हात मारून देतो, चकाकेल. त्याला अर्धा चहा टाकून बाहेर पडावं लागलं होतं.

दर शनिवारी वहिनी गुडघ्यांवर बसून बाक घासायच्या आणि साहेब मागे टॉर्च धरून उभे. “तिकडे. अगं तिकडे नाही, फटीत बघ. डोळे कुठे ठेवलेत?” वहिनी तोंडातल्या तोंडात पुटपुटायच्या. कधी साहेबांची धाकटी बहीण, म्हणजे नणंदबाई आल्या, की त्यांच्यापाशी मन मोकळं करायच्या. “एकोणचाळीस वर्षं झाली हो. एकदा ‘छान झालंय’ म्हणाले असते, तर जीभ झडली असती का यांची?”

मग साहेबांना ताप आला. तीन दिवस अंगावर काढला, चौथ्या दिवशी बोलणं असंबद्ध व्हायला लागलं आणि पाचव्या दिवशी शुद्ध गेली. मेंदूला सूज आली होती. सात आठवडे दवाखान्यात काढून घरी आले तेव्हा चालत होते, बोलत होते, सगळ्यांना ओळखत होते. फक्त टॉर्च टेबलावर पडून राहिली. उशीर झाला, चालेल. आमटी खारट झाली, चालेल. नळ रात्रभर गळत राहिला, तरी साहेब खुर्चीत बसून खिडकीबाहेर बघतायत आणि कोणी आलं की गोड हसतायत.

नणंदबाईंना तर आनंद झाला. “वहिनी, देवाने ऐकलं बघा तुमचं. काय गरीब झालाय दादा. आता सुखाने राहा.” शेजारीपाजारीही तेच म्हणाले. वहिनींना प्रत्येकाच्या थोबाडीत मारावीशी वाटायची.

डॉक्टर तरुण होत्या, बोलायला नेमक्या. पहिल्याच भेटीत त्या म्हणाल्या, “सहा महिने थांबू. स्वभाव परत यायचा असेल तर तेवढ्यात येतो. पुढे फारसं बदलत नाही.” मग दर भेटीत त्या एक प्रश्न न चुकता विचारायच्या. “कशावर रागावले का? हट्ट केला का?” वहिनी मान हलवायच्या. डॉक्टर “हं” म्हणायच्या आणि लिहून घ्यायच्या.

पाचव्या महिन्यात डॉक्टरांनी मंद आचेवर दहा मिनिटं सॉनात बसायला परवानगी दिली. वहिनींच्या जिवात जीव आला. त्यांनी बाक घासले, दगड झटकले आणि गडबडीत दार लावून घेतलं, पाचर विसरल्या. चार दिवसांनी उघडलं तर आत कुबट वास, आणि बाकाच्या खालच्या बाजूला काळे ठिपके. वहिनींनी कपाळावर हात मारला. आता हे घर डोक्यावर घेणार, म्हणून त्या धास्तावल्या. आणि त्याच क्षणी त्यांच्या लक्षात आलं, की आपण धास्तावलेलो नाही. आपल्याला बरं वाटतंय.

साहेब आत जाऊन बसले. दहा मिनिटांनी बाहेर आले, टॉवेलने मान पुसली आणि म्हणाले, “बरं वाटलं.”

तिथून वहिनींनी जे सुरू केलं ते त्यांनी तेव्हा कोणाला सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तर लोकांनी त्यांनाच डॉक्टरकडे नेलं असतं. पुढच्या शनिवारी त्यांनी बाक साबणाने घासले, चांगला फेस काढून, रेषेला आडवे. फेस फटींमध्ये तसाच सुकू दिला. साहेब बाहेर आले तर पाठीवर पांढरे ओघळ. “वास छान येतोय गं,” म्हणाले. त्याच्या पुढच्या शनिवारी दगड एकमेकांना चिकटवून गच्च रचले, मुंगीला वाट राहणार नाही असे. शेगडी जास्त तापली आणि साहेब आत जायच्या आधीच आपोआप बंद पडली. साहेब टॉवेल गुंडाळून गार खोलीत अर्धा तास बसून राहिले. वहिनी दाराबाहेर स्टुलावर बसल्या होत्या, कान लावून. आतून हाक येईल, निदान एखादी शिवी तरी येईल. शेवटी त्यांनीच दार उघडलं.

“अहो, गार आहे ना आत?”

“आहे का?” साहेबांनी भिंतीला हात लावून बघितला. “असू दे. बरं वाटतंय.”

वहिनींनी दार पुन्हा लावलं आणि स्वयंपाकघरात जाऊन तोंडावर पदर धरून रडल्या.

सहा महिने भरायला चार दिवस उरले. सोमवारची तारीख होती. गुरुवारी सकाळी वहिनी हार्डवेअरच्या दुकानात गेल्या आणि वार्निशचा डबा मागितला.

“बाहेरच्या लाकडाला की आतल्या?” दुकानदाराने विचारलं.

“सगळ्यात वाईट कुठलं असेल ते दे.”

दुकानदार हसला. वहिनी हसल्या नाहीत, तेव्हा त्याने गुपचूप डबा काढून दिला.

डबा उघडून, ब्रश बुडवून त्या बाकासमोर बसल्या आणि हात जागचा हलेना. अकरा वर्षं हा बाक घासला होता. त्याची एकूणएक गाठ त्यांना ठाऊक होती. डाव्या कोपऱ्यात एक फळी चिरली होती तिथे साहेबांनी बोटभर तुकडा असा बसवला होता, की नखालाही सांधा लागायचा नाही. रागावून का होईना, जीव ओतला होता माणसाने. लाकूड मेलंच समजा, हे शब्द कानात होते. वहिनींनी मनातल्या मनात साहेबांची माफी मागितली आणि पहिला हात मारला. लाकूड गटागट प्यायलं. मग त्या थांबल्या नाहीत. बाक, पाठ टेकायच्या फळ्या, खालची पायरी, सगळं. शुक्रवारी दुसरा हात दिला.

शनिवारी नणंदबाई आल्या त्या नाकाला रुमाल लावूनच. सॉनाचं दार उघडून बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला.

“वहिनी, हे काय केलंत? दादा पूर्वीचा असता तर जीव घेतला असता तुमचा.”

“घेऊ देत ना,” वहिनी म्हणाल्या. “तेवढ्यासाठीच केलंय.”

नणंदबाईंना बऱ्याच वेळाने समजलं, तेव्हा त्या वहिनींजवळ येऊन बसल्या. त्या रात्री मुक्कामालाच राहिल्या. त्यानंतर ‘दादा किती गरीब झालाय’ हे वाक्य त्यांनी पुन्हा उच्चारलं नाही.

रविवारी दुपारी वहिनींनी पाच मिनिटं शेगडी लावली, तेवढ्यानेच वास असा भपकन उठला की डोळे चुरचुरले. शेगडी बंद केली आणि साहेबांना घेऊन आल्या. दार सताड उघडं ठेवलं. साहेब बसले. चुळबुळ केली. उठायला गेले तर टॉवेल बाकाला चिकटलेला. त्यांनी तो ओढून सोडवला, वळले आणि वाकून बाकाकडे बघायला लागले.

साहेबांनी बाकावरून हात फिरवला. हात हळूहळू डाव्या कोपऱ्याकडे गेला आणि त्या बोटभर तुकड्यावर थांबला. अंगठा सांध्यावरून एकदा मागेपुढे झाला. आणि साहेबांची डावी भुवई वर गेली. एकोणचाळीस वर्षं ती भुवई वर गेली की वहिनी मनातल्या मनात तीनपर्यंत मोजायच्या आणि तोफ सुटायची. त्यांनी मोजलं. एक. दोन. पदराच्या आत मुठी आवळल्या होत्या. बोला. काय वाटेल ते बोला. माझ्या आईबापांचा उद्धार करा, पण बोला.

“कोणी केलं हे?” साहेब म्हणाले.

“मी.”

“तू?” साहेबांनी पुन्हा एकदा बाकाकडे बघितलं, मग वहिनींकडे. भुवई खाली आली. चेहऱ्यावर तेच हसू पसरलं, येणाऱ्याजाणाऱ्याला मिळायचं ते. “छान झालंय. काय चकाकतंय. तुझा हात चांगला आहे गं.”

नणंदबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी तोंड फिरवलं. वहिनी खाली पडलेला टॉवेल उचलून त्याला लागलेलं वार्निश नखाने काढत बसल्या. ते निघत नव्हतं.

सोमवारी दवाखान्यात डॉक्टरांनी साहेबांना चालवून बघितलं, बोटं मोजायला लावली, मागचे कागद चाळले. मग पेन हातात घेऊन नेहमीचं विचारलं.

“कशावर रागावले का?”

“हो,” वहिनी म्हणाल्या.

डॉक्टरांनी मान वर केली.

“काल,” वहिनी म्हणाल्या. त्यांना स्वतःचा आवाज कुठून तरी लांबून आल्यासारखा वाटला. “मी सॉनाच्या बाकाला वार्निश लावलं. यांना ते अजिबात खपत नाही. जे काय सुरू झाले म्हणता. अक्कल काढली, माहेर काढलं. गल्ली गोळा व्हायची वेळ आली. टॉर्च घेऊन एकेक फळी दाखवत होते मला. हात जोडले तेव्हा थांबले.”

डॉक्टरांनी खुर्ची वळवून साहेबांना विचारलं, अगदी हळू, “असं झालं का? काल रागावलात तुम्ही?”

साहेबांनी वहिनींकडे बघितलं. प्रश्नाचा राग नाही, खोट्याचा नाही, कशाचाच नाही. मदत करायला मिळतेय याचाच आनंद.

“ही म्हणतेय ना,” साहेब म्हणाले, “मग रागावलो असेन.”

डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं. कागदावर काहीच लिहिलं नाही. फाइल मिटून वहिनींच्या हातात देताना म्हणाल्या, “पुढची तारीख देत नाही. काही त्रास वाटला तर केव्हाही या.”

वहिनींनी फाइल पिशवीत घातली. उठताना गुडघा धरला म्हणून क्षणभर टेबलाला टेकल्या. साहेब आयुष्यात कधी बायकोसाठी थांबले नव्हते, चार पावलं पुढे जाऊन मागे वळून खेकसायचे. ते आधी उठले आणि वहिनी येईपर्यंत दार उघडून धरून उभे राहिले.