अडीचशे शब्दांत बसेल असं

डेलने चष्मा नाकावर ओढला, खिमा-बटाटा भरलेल्या पास्टीचा उरलेला तुकडा डाव्या हातात सांभाळला आणि उजव्या हाताचं बोट लॅपटॉपच्या पडद्यावर टेकवलं.

“इथं स्वल्पविराम हवा.”

“आधी बोट पुस. बटाटा लागला पडद्याला.”

“बटाटा पुसला जाईल. स्वल्पविराम राहिला तर कॉलेजवाले म्हणतील, ही डॉक्टर रोग्याला टाके तरी नीट घालेल का?”

ब्रिटाने बाहीने पडदा पुसला आणि स्वल्पविराम दिला. मे अर्धा सरला होता, तरी ॲम्ब्युलन्सच्या शेडमागे बर्फाचा एक काळा ढीग अजून ठाण मांडून बसला होता. चोवीस तासांच्या पाळीतले सहा तास झाले होते. सकाळपासून दोन खेपा मारून आल्यावर डेल जेवत होता आणि ब्रिटा लिहीत होती. तिची पास्टी कागदात गार झाली होती.

खरं तर मेडिकल कॉलेजांचे प्रश्न जुलैशिवाय येत नाहीत. आधी एक सामाईक अर्ज भरायचा, मग प्रत्येक कॉलेज आपापले प्रश्न पाठवतं, आणि तीही सगळी जणू ठरवून एकाच आठवड्यात. दोन आठवड्यांत उत्तरं परत गेली नाहीत की हिला फारशी गरज नाही असं समजायला कॉलेजं मोकळी. आधीच्या दोन वर्षी ब्रिटाने ते निबंध दोन खेपांच्या मधल्या वेळात, मांडीवर लॅपटॉप ठेवून लिहिले. सप्टेंबरात पाठवले. कुणी मुलाखतीलासुद्धा बोलावलं नाही. म्हणून यंदा तिने मागच्या वर्षीचे सगळे प्रश्न जमवून आतापासूनच उत्तरं लिहायला घेतली होती. प्रश्न काही बदलत नाहीत. आमचंच कॉलेज का, अपयश कसं पचवलंत, आणि तुम्हाला बदलून टाकणारा रुग्ण कोणता. वय बत्तीस झालं होतं. तिसऱ्यांदा नाही जमलं तर विषय संपला, असं तिने स्वतःला सांगून ठेवलं होतं.

रुग्णाच्या प्रश्नाला तिच्याकडे एकच उत्तर होतं, वेर्नर सालोनेन. कुणाला पाचशे शब्द हवे, कुणाला अडीचशे, कुणी तर अक्षरं मोजून मागायचं. एकाच कापडातून कुणाला सदरा, कुणाला बंडी आणि कुणाला नुसता रुमाल बेतावा, तशी तिने ती एक गोष्ट चौदा कॉलेजांसाठी बेतली होती.

गोष्ट साधी होती. दोन वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी, टेकडीवरचं घर, बर्फाने बंद झालेला रस्ता. म्हाताऱ्या वेर्नरचं हृदय थकलेलं. छाती दाबू नका, यंत्रं लावू नका, असा कागद त्याने आधीच सही करून ठेवलेला. बर्फ काढणारी गाडी यायला चाळीस मिनिटं लागणार होती. त्या चाळीस मिनिटांत निबंधातली ब्रिटा पलंगाशी गुडघे टेकून बसते, रबरी हातमोजे काढते, वेर्नरचा हात हातात घेते आणि त्याला त्याच्या सफरचंदाच्या झाडांबद्दल विचारते. एकेका झाडाची आठवण सांगता सांगता वेर्नर डोळे मिटतो.

“चांगलं झालंय,” डेल म्हणाला.

“नुसतं चांगलं? अरे, सगळं ह्याच्यावर अडलंय. बाकीचे निबंध कुणीही लिहील. हा एकच खरा माझा आहे.”

डेल शांतपणे चावत राहिला. अठ्ठावन्न वर्षांचा हा माणूस एरवी गप्प बसायला तयार नसे.

“केचप संपलं वाटतं,” तो म्हणाला.

तेवढ्यात रेडिओ खरखरला. टेकडीवरच्या आयली सालोनेन, वेर्नरची बायको, पलंगावरून घसरल्या होत्या. लागलेलं नाही, उठता येत नाही, म्हणे. ब्रिटाने डेलकडे पाहिलं. वेर्नर गेल्यापासून ती त्या घरी गेलेली नव्हती; आयलीबाई पडायच्या त्या नेमक्या दुसऱ्यांच्या पाळीत. डेलने तोंड पुसलं आणि किल्ल्या उचलल्या.

आयलीबाई पलंगाला पाठ टेकून, पाय लांब करून जमिनीवर बसल्या होत्या. नाकावर चष्मा, हातात पेपर.

“या. बूड टेकलंच आहे तर म्हटलं, पेपर तरी वाचून घ्यावा. वर बसलं की झोप लागते.”

“काही मोडलंबिडलं का, आयलीबाई?” डेलने विचारलं.

“पंच्याऐंशीव्या वर्षी मोडायचं काय राहिलंय रे? ओढा मला वर.”

दोघांनी त्यांना दोन बाजूंनी धरून उठवलं आणि पलंगावर बसवलं. ब्रिटाने रक्तदाब घेतला, कंबर चाचपली, पाय हलवून पाहिले. सगळं ठीक होतं. खोली तशीच होती. तोच पलंग, तीच निळी रजई, आणि उशापाशी पुढच्या अंगणात उघडणारी तीच खिडकी. बाहेर सफरचंदांना नुकती कुठे पालवी फुटत होती. सामान आवरायला घेत ब्रिटा म्हणाली, आम्ही निघतो.

“निघतो कसे? कॉफी चुलीवर आहे. आणि ते कपाट उघड, डेल. खालच्या खणात कागदी पिशवी आहे. कधीचं विणून ठेवलंय तुम्हा दोघांचं. दर वेळी मेले दुसरेच येतात.”

पिशवीतून आधी हातमोज्यांची जोडी निघाली. जाड, राखाडी, मनगटाशी लाल पट्टा.

“हे तुला. काय गार हात होते रे तुझे त्या दिवशी! रबराचे काढलेस आणि वेर्नरचा हात धरलास. तो काही बोलला नाही, पण मला वाटतं त्याला हुडहुडीच भरली असेल. तरी झाडांचं विचारत बसलास ते बरं केलंस. झाडांचं कुणी विचारलं की तो सगळं विसरायचा.”

डेलने हातमोजे घातले, बोटं उघडझाप करून पाहिली आणि आभार मानले. ब्रिटाकडे त्याने पाहिलं नाही. ब्रिटा रक्तदाबाच्या पट्ट्याची गुंडाळी करत होती. ती झाली, तरी तिने उलगडून पुन्हा करायला घेतली.

“आणि ही तुला, पोरी.”

टोपी होती. त्याच राखाडी लोकरीची, कानांवर येणारी.

“मला कशाला?” ब्रिटाने विचारलं.

“कशाला म्हणजे? किती वेळ उभी होतीस त्या पायरीवर, उघड्या डोक्याने! ह्या खिडकीतून मला सारखी दिसत होतीस. केसांवर बर्फ साचला होता. एकदा वाटलं, हाक मारावी. पण वेर्नरचं शेवटचं चाललेलं, मला उठवेना. तो गेला तेव्हाही तू तिथेच होतीस.”

चुलीवर कॉफी उकळून सांडल्याचा आवाज आला. डेल स्वयंपाकघराकडे धावला.

“मी रस्ता बघत होते,” ब्रिटा म्हणाली. “गाडी येतेय का ते.”

“हो ना. कुणीतरी बघायलाच हवा होता,” आयलीबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या बोलण्यात टोमणा शोधूनही सापडला नसता. “घाल बघू. बसतेय का?”

टोपी अगदी बेतल्यासारखी बसली.

परतीच्या वाटेवर उतार संपला. डेल गाडी चालवत होता. नवे हातमोजे त्याने समोरच्या काचेपाशी ठेवले होते.

“चार वेळा वाचलास तू तो निबंध,” ब्रिटा म्हणाली.

“पाच.”

“आणि स्वल्पविराम सांगत बसलास.”

“मग स्वल्पविराम चुकलाच होता.”

“डेल.”

त्याने गाडीचा वेग उगाच कमी केला. “पहिल्यांदा वाटलं, मुद्दाम लिहिलंयस. म्हटलं, लिहू दे. पोरीला डॉक्टर व्हायचंय, माझा हात काय झिजतोय का? मग दुसऱ्यांदा वाचताना तुझ्या तोंडाकडे पाहिलं. तुला खरंच तसं आठवतंय, हे ध्यानात आलं. मग काय बोलायचं होतं मी?”

शेडमध्ये आल्यावर ब्रिटाने लॅपटॉप उघडला आणि जुने मसुदे एकेक करून मागे जात उघडले. सगळ्यात पहिला वेर्नर गेला त्याच आठवड्यात लिहिलेला होता. लांबलचक, पाल्हाळिक, अकराशे शब्दांचा. त्यात सगळं होतं. “डेलने हातमोजे काढले.” त्याखाली, “मी रस्ता बघायला बाहेर गेले. परत आत जायला पाय उचलेना. आत माणूस मरत होता आणि मला तिथे करण्यासारखं काही उरलं नव्हतं.”

पाचशे शब्दांच्या मसुद्यावर तिच्या जुन्या कॉलेजातल्या सल्लागार ट्रेम्बाथबाईंचा शेरा होता: “हा डेल कोण? कॉलेज तुला घेणार आहे, डेलला नाही.” म्हणून डेल जाऊन ‘आम्ही’ आले. अडीचशे शब्दांत पायरीवरचं सगळं गेलं. त्या भागाने गोष्ट पुढे सरकत नव्हती. ‘आम्ही’ मोघम वाटतं म्हणून ‘मी’ आली. पुढच्या वर्षी कुणी पुन्हा पाचशे मागितले, तेव्हा ब्रिटाने त्या अडीचशेतच भर घातली. गुडघे टेकणं आलं, गार हात आले. कुठल्याच खेपेला ती खोटं बोलली नव्हती. प्रत्येक खेपेला जागा कमी होती, इतकंच. आणि तेच ते वाचून वाचून तिला आता त्या निळ्या रजईची शिवणसुद्धा आठवत होती, हाताखालची.

तिला लाज वाटली. लाजेहून जास्त थकवा आला. चौदा कॉलेजं, आणि चौदाच्या चौदा उत्तरं पुन्हा लिहायची. तीही अशा मुलीची, जी ऐन वेळी दाराबाहेर जाऊन उभी राहिली. तिने डोकं टेबलावर टेकवलं. टोपी अजून डोक्यावरच होती.

“पळून गेलेली डॉक्टर कोण घेईल, डेल?”

“मला काय विचारतेस? मी कॉलेज आहे का?” तो तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला. तिची गार पास्टी त्याने तिच्याकडे सरकवली. मग म्हणाला, “त्यानंतर किती जणांजवळ बसलीस, मोजलेस कधी?”

“नाही.”

“मीपण नाही. पण उठून गेलेली नाही पाहिलं तुला. तो गॅरेजवाला, त्याच्याजवळ तर तू तीन तास होतीस. मी पाय मोकळे करून आलो दोनदा.”

ब्रिटाने पास्टीचा एक घास मोडून खाल्ला. गार असूनही बरा लागला. मग तिने चौदा उत्तरांची ती फाईल बंद केली आणि कोरं पान उघडलं. बोटं बराच वेळ अक्षरांवर नुसती टेकून राहिली. शेवटी तिने एक ओळ लिहिली.

डेलने सवयीने चष्मा नाकावर ओढला आणि वाकून वाचलं.

“त्या दिवशी माझ्या डोक्यावर टोपी नव्हती.”

त्याने ते दोनदा वाचलं. बोट पुढे केलं नाही.

“पुढे?”

“पुढे तू येतोस. गप्प बस जरा.”

डेल उठला. फ्रीज उघडून, पाठमोरा, बराच वेळ केचप शोधत उभा राहिला. बाटली दारातच होती.