भीतीचा थेंब

"ते अजून चालू आहेत म्हणे?"

दारातच उभं राहून त्या बाईने विचारलं. प्रयोगशाळेत सकाळच्या त्या वेळी एकटी दाईच होती.

दाई हे तिचं नाव नव्हे, पण सगळे तिला तसंच हाक मारत. माणसाच्या रक्तातल्या पेशींना उलट्या पावली नेऊन मूळपेशी करायच्या, आणि त्यांच्यापासून हृदयाच्या पेशी वाढवायच्या, हे तिचं रोजचं काम. काचेच्या बशीच्या तळाशी फिकट पापुद्रा धरायचा आणि एके दिवशी तो आपला आपण धडधडू लागायचा. ते पहिलं धडधडणं बहुतेक तिच्याच नजरेस पडे, म्हणून ती दाई.

"कोण चालू आहेत?"

"आमचे हे. लिफ्ट दुरुस्त करायचे."

दाईला तो लगेच आठवला. कामावर दोनदा चक्कर येऊन पडला, म्हणून डॉक्टरांनी त्याला इकडे रक्त द्यायला पाठवलं होतं. सुई टोचताना तो म्हणाला होता, "ताई, उगवल्यावर हे मला ओळखेल का?" आणि ती म्हणाली होती, "आधी उगवू तर दे!" ज्या आठवड्यात पापुद्रा धडधडू लागला, त्याच आठवड्यात तो गेला. यात आधी काय झालं आणि नंतर काय, हे दाईने कधी ताडून पाहिलं नव्हतं.

"या वहिनी, बसा."

ती बसली नाही. पर्स पोटाशी धरून उभी राहिली. "आज तपासणी आहे, असं इथल्या मोठ्या मॅडम फोनवर म्हणाल्या. त्याच म्हणाल्या, हवं तर बघायला या. मला बघायचंय. पोरीचा प्रश्न आहे."

पोरीच्या रक्तातही बापासारखाच एक बारीक बदल सापडला होता. तो जीवघेणा की निरुपद्रवी, हे मात्र कुणी छातीठोकपणे सांगत नव्हतं.

"ह्यांच्या वेळी काय झालं माहितीये? खुर्चीत डोळा लागला होता. दारावरची बेल वाजली. दचकून उठले आणि तसेच खाली. पार्सलवाला होता हो नुसता. तेव्हापासून बेल काढून टाकलीय. फोन मुका, भांडी हळू ठेवायची. शाळेत घंटा होते म्हणून पोरीला शाळेत पाठवत नाही. काल ती मला म्हणाली, आई, मी मोठ्याने हसले तर चालेल का?"

दाईने उबदार कपाटातून बशी काढली आणि यंत्रावर ठेवली. बशीच्या तळाला केसाहून बारीक तारा होत्या. पेशींमध्ये उठणारी वीज त्या टिपत आणि पडद्यावर रेघ उमटत जाई. उसळी, उतार, मग जरा विसावा. पुन्हा उसळी.

त्याची बायको पडद्याच्या अगदी जवळ गेली. "झोपलेत," ती म्हणाली.

"वहिनी, तसं काही नसतं. नुसत्या पेशी आहेत."

"हो, हो. कळतं मला."

दाईने बारीक नळीत एक द्राव ओढला.

"हे काय?"

"माणूस दचकला की अंगात जे सुटतं, तेच. त्याचा एक थेंब टाकायचा."

"म्हणजे घाबरवणार?"

"घाबरायला तिथे कुणी नाही हो."

थेंब पडला. उसळ्या भराभर येऊ लागल्या. मग उतार लांबू लागला. एक उसळी पुरती उतरायच्या आतच तिच्या पाठीवर दुसरी उठे, अर्धवट, अडखळती. नुसत्या डोळ्यांनाही पापुद्रा थरथरताना दिसला. आणि रेघ सपाट झाली.

खोलीत फक्त फ्रिजची घरघर ऐकू येत होती.

"असंच," बायको पुटपुटली. "अगदी असंच झालं होतं. हातसुद्धा असाच थरथरला होता, असं पोर सांगते." मग तिने दाईकडे पाहिलं. "तिथे कुणी नाही म्हणालात ना? मग आत्ता दचकलं कोण?"

ही रेघ दाईने कितीतरी वेळा पाहिली होती. आज पहिल्यांदाच मान वळवून मागे पाहावंसं वाटलं.

तेवढ्यात पडद्यावर एक उसळी आली. पाठोपाठ दुसरी.

"उठले!" बायकोच्या तोंडून निघून गेलं. तिने पदराने तोंड दाबलं.

"बशीत कधीकधी सुरू होतं परत," दाई हलकेच म्हणाली. "पण एकदा बघून भागत नाही. दुसऱ्या बश्यांमध्येही करून बघावं लागेल. आधी असंच, मग पोरीला देता येईल त्या गोळीतलं औषध घालून."

"म्हणजे पुन्हा मारणार?"

दाईचा हात नळीवरच थांबला.

बायकोने पडद्यावरच्या रेघेकडे पाहिलं. मग म्हणाली, "करा. पोरीसाठी म्हटलं असतं तर ते स्वतःच बेलखाली जाऊन बसले असते."

दुसरी बशीही तशीच थांबली, तिसरीही. चौथीत दाईने आधी गोळीतलं औषध घातलं आणि मग भीतीचा थेंब. उसळ्या जराशा दाटल्या, पण अडखळल्या नाहीत. दोघी श्वास रोखून बघत राहिल्या. रेघ चालत राहिली, चालतच राहिली.

दुपारी मॅडमनी सगळ्या रेघा पाहिल्या. बदल घातक होता, पण गोळीने आवरणारा. पोरीला आजपासूनच गोळी सुरू करायची, असं तिच्या डॉक्टरांशी बोलून ठरलं. काही दिवसांनी तिला शाळेतही जाता येणार होतं. बायको कितीदा तरी "बरं" म्हणाली.

मॅडम गेल्यावर ती दाईजवळ आली. "आता ह्यांचं काय?"

"वापरलेल्या बश्या ठेवत नाही आम्ही. वरून जंतुनाशक ओततो. तुम्ही बाहेर थांबा."

"नको. तेव्हा मी बाजारात गेले होते. आज थांबते."

एरवी दाई हे काम खांद्याने फोन कानाशी दाबून, बोलता बोलता उरकत असे. आज तिने फोन खणात टाकला. जंतुनाशकाची बाटली हातात घेतली, तर ती गार होती. बशीवर नेलेला हात तिने मागे घेतला. मग बाटली दोन्ही तळव्यांमध्ये धरून ती उभी राहिली, कोमट होईपर्यंत.