उजवीकडच्या चार पट्ट्या

ऐन लग्नसराईत, मांडवात वाजवणाऱ्या उत्तमरावांच्या कीबोर्डच्या मधल्या चार पट्ट्या मुक्या झाल्या. मुधोळात रेडिओ-टेप दुरुस्त करणाऱ्या चंपतरावानं तो उघडला, तर पट्ट्यांखालचं रबर झिजलेलं. नवीन यायचं हैदराबादहून, आणि लग्न उद्यावर. मग त्यानं पार उजवीकडच्या चार पट्ट्यांखालचं चांगलं रबर कापून मधे बसवलं, झिजलेलं तिकडं सारलं. तिकडं कोण बोट न्यायला बसलंय, अशी स्वतःची समजूत घातली. उत्तमरावांना सांगायचं मात्र राहिलं. राहिलं कसलं, त्यानं मुद्दामच सांगितलं नाही.

लग्न शेजारच्या भगवानरावांच्या पोरीचं, म्हणजे चंपतरावही तिथंच. पाठवणीची धून चढत चढत उजव्या टोकाला गेली अन् तिथंच मुकी पडली. उत्तमरावांनी पट्टी दाबली, पुन्हा दाबली, मग उरलेले सूर तोंडानंच म्हटले. रडणाऱ्या बाया पदराआड हसल्या.

"मास्तर, बॅटरी गिळली का?" वऱ्हाडातलं कुणीतरी ओरडलं.

चंपतरावाच्या तोंडात पान होतं. ते थुंकवेना की गिळवेना.

सगळं आटोपल्यावर उत्तमराव आपणहून त्याच्याजवळ आले. "तुमच्या कामाले नाव नाई ठेवत भाऊ. मधल्या पट्ट्या झकास चालून राह्यल्या. माह्या बोटातच जोर नाई राह्यला. नेरडीगोंड्याच्या लग्नाची सुपारी सोडून देतो. बस झालं आता वाजवणं."

चंपतराव "हूं" म्हणाला.

घरी बायकोनं, वच्छलाबाईनं, ताट वाढलं. "काऊन जेवून नाई राह्यले? भाजी आळणी झाली?"

"भाजी बरी हाये."

"मंग तोंड काऊन असं, ट्रान्झिस्टर पाण्यात पडल्यावानी?"

सकाळी तो उत्तमरावांच्या ओसरीवर जाऊन बसला. चहा येण्याआधीच बोलून टाकलं, "बोट चांगलं हाये तुमचं. तिकडचं रबर मीच काढलं होतं."

उत्तमराव आपल्या बोटाकडं पाहत राहिले. शिव्या घालतील तर बरं, असं चंपतरावाला वाटलं.

"मंग तवाच सांगतलं असतं," ते हळूच म्हणाले, "तर तिथंवर गेलोच नसतो ना मी."

त्यांनी कीबोर्ड मांडीवर ओढला आणि तीच धून खालच्या सुरात धरली. मधल्या पट्ट्यांवर ती अख्खी मावली. उजव्या टोकाकडं बोट एकदाही गेलं नाही. अशी लख्ख वाजली की शेजारच्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या.

चंपतरावाला मधूनच उठताही येईना. चहा निवत गेला, आणि त्याला ती शेवटपर्यंत ऐकावी लागली.