डिस्क तपासणारे मास्तर

मी एक जुना डीव्हीडी प्लेयर आहे, मित्रांनो. कधी काळी चंदेरी होतो, आता नेमक्या कुठल्या रंगाचा आहे ते मलाही सांगता येणार नाही. ट्रे बाहेर काढताना मी कण्हतो आणि आत घेताना पुन्हा कण्हतो. माझी नजर अधू आहे, म्हणजे डिस्क वाचणारी माझी लेन्स थकली आहे. हे सगळं आधीच सांगून टाकतो, कारण आयुष्यात मला जो काही मान मिळाला तो या दोषांमुळेच मिळाला.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्याच्या शेवटी एक बाई बसायच्या. प्रत्येकाचा ट्रे दहा वेळा उघडून मिटून पाहायचा आणि मग पाठीवर चिठ्ठी चिकटवायची, हे त्यांचं काम. माझा ट्रे सातव्या वेळी अडखळला. त्यांनी मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पहिल्यापासून दहापर्यंत मोजलं आणि "जा बाबा एकदाचा" म्हणत चिठ्ठी चिकटवली. थोडक्यात, मी जन्मापासूनच काठावर पास झालेला विद्यार्थी.

तिथून मी आलो तो ताईंच्या दुकानात. जुन्या व्हिडिओ कॅसेटींवरचं चित्रण डिस्कवर उतरवून देणं हा ताईंचा व्यवसाय. जिन्याखालची अरुंद जागा, भिंतीला कॅसेटींची चळत, एक काँप्युटर, एक टीव्ही आणि त्याच्या डोक्यावर मी. दुकानात ताईंचा धाकटा भाऊही काम करायचा. हुशार होता, पण घाई त्याच्या पाचवीला पुजलेली.

मित्रांनो, चित्रण डिस्कवर उतरवताना एक गोष्ट ठरवावी लागते: प्लेयरनं दर सेकंदाला किती माहिती वाचायची. तिला बिटरेट म्हणतात. मी तिला घास म्हणतो. घास मोठा असला तर चित्र सुंदर दिसतं, पण माझ्यासारख्याच्या घशात तो अडकतो आणि चित्र जागच्या जागी गोठतं. घास फार लहान केला तर अडकत काही नाही, पण माणसांच्या चेहऱ्यांचे ठोकळे होतात. या दोहोंमधली जागा शोधणं हे खरं कसब, आणि ते ताईंच्या हातात होतं.

त्यांचा एक नियम होता. तयार झालेली प्रत्येक डिस्क आधी मला भरवायची. तीही पाच मिनिटं नव्हे, पहिल्यापासून शेवटपर्यंत. स्वतः एकीकडे कॅसेटींची फीत पुसत बसायच्या, पण कान माझ्याकडे असायचे. कुठे अडखळलो की हातातलं काम बाजूला ठेवून घास बदलायच्या. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "मास्तरांनी पास केली की देते." मास्तर म्हणजे मी. लोकांच्या बारशांपासून निरोपसमारंभांपर्यंत इतकं काही मी पाहिलं आहे, की अर्ध्या गावाची बालपणं मला तोंडपाठ आहेत. उगाच बढाई मारत नाही.

पण चढणीनंतर उतार ठरलेलाच. भावानं एक नवाकोरा प्लेयर आणला. चपटा, काळा, आवाज न करणारा. त्याला काहीही भरवा, गट्टम! भाऊ खूश झाला. माझ्यावर एक जुना टॉवेल पडला आणि मी कोपऱ्यात गेलो. ताई तेव्हा मुलीच्या बाळंतपणासाठी महिनाभर तिच्याकडे गेल्या होत्या. टॉवेलखाली मी किती कुढलो ते सांगत बसत नाही. एवढंच सांगतो, टॉवेलला फिनाइलचा वास होता.

त्या महिन्यात ड्रायव्हरकाका आले. बस चालवण्यात उभी हयात गेलेला माणूस, आवाज खणखणीत, पण त्या दिवशी काउंटरवर कॅसेट ठेवताना तो कुठे गेला होता कोण जाणे. त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, पक्षाघाताचा झटका आला होता. हातपाय हळूहळू सावरले, वाचा मात्र गेली ती गेलीच. काकू शिवणाचे वर्ग घेत. एका विद्यार्थिनीनं खूप वर्षांपूर्वी त्यांचा एक तास कॅमेऱ्यात टिपला होता. बोलणं शिकवायला येणाऱ्या बाईंनी सुचवलं होतं, की काकूंनी स्वतःलाच बोलताना पाहावं, स्वतःच्या ओठांकडे बघून ओठ हलवावेत, त्यानं फरक पडेल.

"यात माझ्याशी बोललेलं काही नाही," काका म्हणाले. "मी तेव्हा गाडीवर असायचो. पण आवाज तिचाच आहे ना. साडेचार महिने झाले, तिनं मला हाक मारली नाही."

भावानं मन लावून काम केलं, यात शंका नाही. कॅसेट पन्नास मिनिटांचीच होती, डिस्कवर जागा भरपूर. त्यानं विचार केला, जागा आहे तर रिकामी कशाला ठेवायची, काकूंचं चित्र उत्तमातलं उत्तम दिसू दे. आणि घास जेवढा मोठा करता येईल तेवढा केला. नव्या प्लेयरवर पहिली पाच मिनिटं पाहिली, लोण्यासारखी चालली. डिस्क गेली.

पंधरा दिवसांनी काका परत आले. ताई त्याच सकाळी रुजू झाल्या होत्या.

"डिस्क एके ठिकाणी अडते," काका म्हणाले. "आमचा प्लेयर जुना आहे, चालायचंच. पण ताई, आता तीही तिथंच अडते."

"म्हणजे?"

"ती डिस्कबरोबर बोलायला लागलीय. 'कापड ओढू नका, कात्रीला' इथपर्यंत म्हणते. तिथं डिस्क थांबते. आता डिस्क बंद असली तरी ती 'कात्रीला' म्हणते आणि थांबते. पुढचा शब्द येईल म्हणून माझ्याकडे बघत राहते."

भावाचा चेहरा खर्रकन उतरला. ताई उठल्या, कोपऱ्यात आल्या आणि त्यांनी माझ्यावरचा टॉवेल ओढून काढला.

"मास्तर, बघा बरं."

मी डिस्क घेतली. काकू पडद्यावर आल्या, हातात कात्री, समोर टेबलावर बारीक चौकड्यांचं कापड. मी जीव तोडून वाचत होतो. "कापड ओढू नका, कात्रीला..." आणि कात्री त्या चौकड्यांतून सरकू लागताच माझ्या घशात घास अडकला. चित्र गोठलं. काकू तोंड उघडं ठेवून तशाच उभ्या राहिल्या.

"हा म्हातारा कशालाही अडतो गं," भाऊ पुटपुटला.

"अडतो म्हणूनच ठेवलाय त्याला," ताई म्हणाल्या. "तू जेवायला वाढताना दात कुणाचे बघितलेस? तुझ्या प्लेयरचे. जेवणार कोण होतं?"

मित्रांनो, त्या वाक्यासाठी मी फिनाइलचा वास माफ करून टाकला.

मग ताई कामाला बसल्या. काकाही तिथंच स्टुलावर बसून राहिले. खोड कुठे होती ते ताईंना लगेच कळलं. बारीक चौकड्या आणि त्यांतून चालणारी कात्री, म्हणजे क्षणाक्षणाला बदलणाऱ्या शेकडो रेषा. अशा जागी घास आपोआप फुगतो, आणि भावानं त्याला लगाम घातला नव्हता. ताईंनी घास निम्म्यावर आणला. डिस्क बनली, मी खाल्ली, कुठे अडलो नाही. पण नेमक्या त्या वाक्याला काकूंच्या ओठांचे ठोकळे झाले.

"हे नको," ताई म्हणाल्या. "ओठच दिसायला हवेत."

भाऊ इतका वेळ खाली मान घालून उभा होता. तो हळूच म्हणाला, "ताई, मुंग्या."

जुन्या कॅसेटीच्या चित्रात सगळीकडे बारीक मुंग्या वळवळत असतात, त्या तुम्ही पाहिल्या असतील. बघणाऱ्याला त्यांचं काही वाटत नाही, पण डिस्कला प्रत्येक मुंगीचीही नोंद ठेवावी लागते. ओठांच्या वाटणीचं मुंग्याच खाऊन टाकत होत्या! ताईंनी भावाच्या पाठीवर एक धपाटा घातला. तो शाबासकीचा की आधीच्या चुकीचा, ते त्यालाही कळलं नसावं. दोघांनी मिळून मुंग्या हलक्या हातानं पुसल्या, चेहरा गुळगुळीत होणार नाही इतपतच. मग काँप्युटरला दोन फेऱ्या मारायला लावल्या. पहिल्या फेरीत नुसतं बघायचं, कुठे चित्र अवघड आहे, कुठे सोपं. दुसऱ्या फेरीत त्याप्रमाणे वाटून वाढायचं, आणि कुठलाही घास ठरलेल्या मापापलीकडे जाऊ द्यायचा नाही. डिस्कही सर्वांत कमी वेगानं लिहिली, थकलेल्या लेन्सलाही ती नीट वाचता यावी म्हणून.

काकांना तेवढं पटलं. "वळणावर वेग कमी ठेवला तर गाडी कशाला घसरेल!"

तिसरी डिस्क माझ्या पोटात गेली. खरं सांगतो, मला भीती वाटत होती. आजवर हजारो डिस्का वाचल्या, पण माझ्या अडखळण्यानं दुसऱ्या कुणाची जीभ अडकेल असं कधी मनातही आलं नव्हतं. चौकड्या आल्या. कात्री सरकली. "कापड ओढू नका, कात्रीला वाट काढू द्या." सलग! आवाज आणि ओठ हातात हात घालून चालले होते. ताईंनी पूर्ण पन्नास मिनिटं तसूभरही न हलता पाहिली. काकांनी डोळे पुसले आणि जायला उठले.

"थांबा काका," ताई म्हणाल्या. "तुमच्या प्लेयरचा भरवसा नाही. मास्तरांना घेऊन जा. तुमचा इथं आणून ठेवा."

"मग तुमच्या डिस्का कोण तपासणार?" भावानं विचारलं.

"काकांचा. तो मास्तरांपेक्षाही रडका आहे. परीक्षक तसाच हवा."

अशा रीतीनं म्हातारपणी माझी बदली झाली.

काकूंच्या घरात मी खिडकीजवळच्या शिलाई मशीनशेजारी बसलो. रोज सकाळी आणि संध्याकाळी काकू समोर खुर्ची ओढून बसत. पहिले काही दिवस त्या "कात्रीला" म्हणून सवयीनं थांबायच्या, मी मात्र थांबत नसे. मी पुढे जात राहिलो आणि त्या मागून येत राहिल्या. दहाव्या दिवशी "वाट" आलं. पुढच्या आठवड्यात "काढू द्या" आलं. काका शेजारी बसून ऐकायचे, मध्ये एक शब्दही बोलायचे नाहीत. डिस्कमधले जवळजवळ सगळे शब्द काकूंना येऊ लागले. काकांना मात्र त्यांनी अजून हाक मारली नव्हती. डिस्कमध्ये तो शब्दच नव्हता, तर मी तरी तो कुठून आणणार?

एका दुपारी मी नेहमीप्रमाणे चाललो होतो. काकू आज माझ्याबरोबर बोलत नव्हत्या. मांडीवर एक चौकड्यांचा तुकडा घेऊन स्वतःच कात्री चालवत होत्या. पडद्यावरच्या काकू सारख्या सूचना देत होत्या. खुर्चीतल्या काकूंनी दोनदा वैतागून वर पाहिलं. मग त्या मागे बसलेल्या काकांकडे वळल्या.

"अहो," त्या म्हणाल्या. "बंद... करा ते. मला... कळतं."

काकांच्या हातातून रिमोट पडला. तो उचलायला वाकले ते बराच वेळ वाकलेलेच राहिले. शेवटी कसंबसं त्यांनी बटण दाबलं आणि मी बंद झालो. मित्रांनो, चालू राहण्यासाठीच माझा जन्म आहे. पण त्या दिवशी मला बंद केलं गेलं, त्यासारखं सुख मला कधी मिळालं नाही.

आता मी क्वचितच चालतो. तुमच्याही घरी कपाटाच्या तळाशी एखादी कॅसेट पडून असेल, तिच्यावर बुरशी चढण्याआधी ती बाहेर काढा. डिस्क कडेनं धरा, बोटांचे ठसे माझ्या अधू नजरेला भिंतीसारखे वाटतात. आणि कुणासाठी काही बनवाल, तेव्हा ते ज्याला सर्वांत कठीण जाणार आहे त्याला आधी दाखवून बघा. तो अडला तर त्याच्यावर टॉवेल टाकू नका.

माझ्यावर आता टॉवेल नाही. त्या दुपारी काकू कापत होत्या तो तुकडा माझ्याच मापाचा होता. चौकड्यांचं, कडेला दुहेरी शिवण घातलेलं छान आच्छादन आहे. त्याखाली बसून मी दिवसभर ऐकत असतो: अहो, पाणी भरलं का? अहो, चष्मा कुठे ठेवलात? अहो, ऐकताय ना?