लाल पेन्सिलीला आलेला संशय

मी संपादकबाईंची लाल पेन्सिल बोलतेय. आधीच सांगते, माझा स्वभाव संशयी. अकरा बहिणींबरोबर एका खोक्यातून आले. त्या सगळ्या दुसऱ्यांच्या चुका शोधता शोधता झिजून गेल्या. अशा घराण्यात विश्वास कुठून येणार?

बाई इंग्रजी कादंबऱ्या तपासतात. इंग्रजी संवादात मध्येच घरच्या भाषेतला शब्द दिसला की माझे कान टवकारतात. हा इथे कामाला आलाय, की नटूनथटून मिरवायला? काही पात्रं तर कमालच करतात. लेक आईला ‘आई’ अशी हाक मारते आणि लगेच इंग्रजीत तिचा अर्थही सांगते. जन्मदात्रीला तो ठाऊक नसेल?

आज एक लेखिका पहिल्या कादंबरीचं बाड घेऊन आली. घरी एकटं ठेवता येत नाही म्हणून म्हाताऱ्या आईलाही घेऊन आली होती. बाईंची पद्धत अशी, की संवाद लेखकानेच मोठ्याने वाचायचे. खोटं बोलणं जिभेवर अडखळतं म्हणे.

लेखिका वाचू लागली. लेक दूरदेशी निघालीय, आई दारात उभी. आईच्या तोंडी सगळं इंग्रजी आणि मध्ये मध्ये ‘माझ्या सोन्या’, ‘लाडके’, ‘काळजाच्या तुकड्या’. कुठेतरी पाणी मुरत होतं. मी बाईंच्या बोटांत वळवळले.

तेवढ्यात खुर्चीतली आई हसायला लागली. तिला इंग्रजीचा गंध नव्हता. कळले ते एवढेच शब्द.

“ही बया कोण गं?”

“तूच, आई. मी निघाले तो दिवस आहे.”

“मी? एवढी साखर मी कधी पेरली? मी म्हणाले होते, ‘जा आता.’”

लेखिकेने कागद खाली ठेवले. “तेच वीस वर्षं टोचतंय. तू मला घालवून दिलंस असं वाटलं. तसं लिहायचा धीर झाला नाही.”

“अगं वेडे, अजून घटकाभर थांबली असतीस, तर मी तुला जाऊच दिलं नसतं.”

मग लेखिकेने मला बाईंच्या हातातून घेतलं आणि सगळी लाडाची नावं खोडली. त्यांच्या जागी घरच्या भाषेतले दोनच शब्द लिहिले: जा आता.

बाई चाचरल्या. “बाहेरच्या वाचकाला कळायचं नाही. शेजारी अर्थ देऊ या. नाहीतर आई हाकलतेय असं वाटेल.”

“वाटू दे. मला वीस वर्षं लागली, त्याला दोनशे पानं लागू देत.”

मी आता बोटभरही उरलेली नाही. बाईंनी मला त्या दोन शब्दांशेजारी टेकवून ठेवलंय, त्या अजून विचारात आहेत. बाई, उभा जन्म मी शंका काढण्यात घालवला, या शब्दांवर मात्र माझी शंका नाही. तेवढा समास कोरा राहू द्या.

समोर लेखिका तो प्रसंग पुन्हा पहिल्यापासून वाचतेय. म्हातारी न कळणारं इंग्रजी निमूट ऐकतेय. ‘जा आता’ आलं, तशी तिने लेकीचा हात धरला.

“हं,” ती म्हणाली, “ही मी.”