पाच बोटांचा मोजा

आमच्या शिवणकामाच्या दुकानात माप घेण्याची एक ठरलेली पद्धत होती. माझे थोरले बंधू, ज्यांना मी दादा म्हणतो, गिऱ्हाइकाच्या अंगाला टेप लावून आकडा उच्चारीत आणि मी तो वहीत उतरवून घेई. कापड कापण्याचे काम सर्वस्वी दादांचे, शिवण्याचे माझे. बावीस वर्षांत या वाटणीत कधी बदल झाला नव्हता.

एका सकाळी दादांनी छातीचे माप सांगितले आणि मला ते कळले नाही.

"पुन्हा सांगा," मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा सांगितले. तोंडातून जो ध्वनी निघाला, तो कोणत्याही आकड्याचा नव्हता.

"मास्तर, माझा घेर बघून जीभच वळेना वाटतं!" गिऱ्हाईक हसून म्हणाले. दादाही हसू लागले. परंतु ते हसू चेहऱ्याच्या एकाच बाजूस उमटले, आणि टेप त्यांच्या उजव्या हातातून गळून पडली.

दादांना चक्कर आली असावी, थोडा वेळ आडवे करावे, असे माझे मत होते. वहिनी आतल्या खोलीतून आल्या, त्यांनी एकदा दादांच्या तोंडाकडे पाहिले आणि म्हणाल्या, "भाऊजी, आडवं काय करताय? गाडी बोलवा आधी!" तासाभरात आम्ही रुग्णालयात होतो. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. ती विरघळवणारे इंजेक्शन ठरावीक तासांच्या आतच देता येते, आणि आमचे ते तास उलटले नव्हते. माझे मत मानले गेले असते तर काय झाले असते, याचा विचार मी शक्यतो करीत नाही.

दादांच्या पायाने लवकर साथ दिली. वाचाही बव्हंशी पूर्ववत झाली. मागे राहिला तो उजवा हात. तो अगदी निर्जीव नव्हता. मनगट उचलले जाई, बोटे अर्धवट उघडत. परंतु कात्री दूरच, सदऱ्याचे बटणही त्या हाताने लागत नसे. सगळी कामे डावा हात करू लागला होता. कापण्याचे काम माझ्याकडे आले, आणि मी ज्या पॅन्ट्स कापल्या त्यांविषयी न बोललेलेच बरे. एक गिऱ्हाईक मी कापलेली पॅन्ट घालून दुकानात आले आणि म्हणाले, "धाकटे मास्तर, हिच्यात उभं राहता येतं. बसायचं कसं, तेवढं सांगा."

दादांनी ते ऐकले. गिऱ्हाईक गेल्यावर ते शांतपणे म्हणाले, "हात नाही आला तर दुकान बंद करू. लोकांचं कापड नासवायचं नाही."

हे शब्द त्यांनी रागाने उच्चारले असते, तर मला इतके लागले नसते.

दीड महिना लोटल्यावर फिजिओथेरपिस्ट बाईंनी आम्हाला त्यांच्या रुग्णालयात चाललेल्या एका संशोधनाची माहिती दिली. "मास्तर, तुमचा हात नुसता दुबळा नाही," त्या म्हणाल्या. "उजव्याला काम सांगायचंच नाही, हे तुमच्या मेंदूनं शिकून घेतलंय. डावा पटकन पुढं येतो, उजवा मागं राहतो. मग मागं राहायचीच सवय लागते."

"माझ्यासारखंच की," मी म्हणालो.

"तू कुठं मागं राहतोस, पंडित? तुझं तोंड कायम चार पावलं पुढं," दादा म्हणाले. मी पुस्तके वाचतो म्हणून ते मला पंडित म्हणतात, आणि त्यात कौतुक किती व टोमणा किती, हे मला आजवर उमगलेले नाही.

अभ्यास चार आठवड्यांचा होता. काही रुग्णांना केवळ नेहमीचा व्यायाम. काहींना त्यासोबत दररोज सहा तास चांगला हात मोज्यात अडकवून ठेवणे, जेणेकरून दुबळ्या हाताला काम करण्यावाचून गत्यंतर राहू नये. कोणी कोणत्या गटात जायचे हे डॉक्टरांच्या मर्जीवर नव्हते. त्यासाठी बंद पाकिटे होती. दादांच्या पाकिटात मोजा निघाला. दादांनी डाव्या हाताने संमतीची सही केली, बाईंनी एक पुस्तिका व एक नोंदवही दिली, आणि नोंदी ठेवण्याचे काम अर्थातच माझ्यावर आले. जिना चढताना, अंघोळ करताना आणि गरम वस्तूंजवळ मोजा काढायचा. दादांना जे उजव्याने जमेल त्यात कोणी मदत करायची नाही. रोज किती तास मोजा घातला ते लिहायचे.

तो मोजा पाहून मात्र माझे मन विटले. जाड कापडाची, आत कापूस भरलेली, बोटांचा पत्ताच नसलेली ती एक पिशवी होती. शिवण आतल्या बाजूने मनगटाला टोचत असे. धावदोरा असा घातलेला, की कोणी धावतच घातला असावा. दादांच्या हाताला घामोळे आले. दुकानात येणारे विचारू लागले, "काय मास्तर, बॉक्सिंग सुरू केलं का?" दादा दुकानाच्या मागच्या बाजूस जाऊन बसू लागले.

ज्या माणसाने आयुष्यभर इतरांच्या अंगावर एक सुरकुती पडू दिली नाही, त्याच्या हातावर हे ध्यान असावे, हे मला सहन झाले नाही. आठवडा संपताच सुटीच्या दिवशी मी दादांच्या डाव्या हाताचे माप घेतले. प्रत्येक बोटाची लांबी, प्रत्येक पेराचा घेर. कापड मऊ घेतले, अस्तर त्याहून मऊ, बोटांमध्ये चिंचोळ्या पट्ट्या जोडल्या, आणि सर्व शिवण बाहेरच्या बाजूस काढून हाताने दाबली. माझ्या हातून इतके सफाईदार काम पूर्वी झाले नव्हते. कापण्यातही प्रथमच मला यश आले होते.

दादांनी तो मोजा घातला, मूठ मिटली, उघडली. "फिटिंग बसली," ते म्हणाले. एवढी स्तुती त्यांनी माझी कधीच केली नव्हती.

"भाऊजी, हा कुणाच्या लग्नात घालायचा का?" वहिनी म्हणाल्या, पण त्यांनाही तो आवडला होता.

त्यानंतर बारा दिवस मी नोंदवहीत सुवाच्य अक्षरांत लिहीत होतो : मोजा सहा तास. रुग्णालयात व्यायामासाठी जाताना मोजा घरीच ठेवायचा असे, कारण तेथे रुग्णालयाचा स्वतःचा असे. त्यामुळे बाईंच्या दृष्टीस माझे काम पडले नाही, याचे मला थोडे वाईटही वाटे. त्या मात्र दर खेपेस कपाळाला आठ्या घालून विचारीत, "मास्तर, पहिल्या आठवड्यात छान चाललं होतं. आता का अडलंय? घरी नक्की घालताय ना?"

"सहा तास. ह्याला विचारा, सगळं लिहितो हा," दादा सांगत, आणि मी वही पुढे करी.

बाराव्या दिवशी दुपारी नोंदवहीचे नवे पान कसे भरावे ते पाहण्यासाठी मी पुस्तिका उघडली. तिसऱ्या पानावर एक वाक्य होते : 'या मोज्याचा हेतू हात झाकणे हा नसून बोटांना पकड मिळू न देणे हा आहे.' हे वाक्य मी पूर्वी दोनदा वाचले होते आणि भाषा चांगली आहे, असे मनाशी म्हटले होते. मी मान वर करून दादांकडे पाहिले. ते समोर बसून, टाचण्यांच्या छोट्या गादीत खोचलेल्या सुईत डाव्या हाताने दोरा ओवीत होते. मोजा त्या हातात चढवलेलाच होता. उजवा हात मांडीवर स्वस्थ पडला होता.

मी दादांना व वहिनींना ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवले.

दादा मोजा काढून मशीनवर ठेवीत म्हणाले, "जुनी पिशवी काढ. आजपासून ती घालतो. अन् तू गप्प बस."

"बाईंना सांगायला नको?"

"काढून टाकतील मला त्यातून. मग व्यायामही बंद. पुढं काय, तुझ्या पॅन्ट्स विकायच्या?"

"पण वहीत बारा दिवस खोटं लिहिलंय, दादा."

"खोटं कुठं? मोजा घातलाच होता. सहा तास घातला होता. तुझं अक्षर अन् माझा हात, दोन्ही खरे."

शब्दशः ते खरेच होते. वहिनी मात्र कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाल्या, "अहो, ते इंजेक्शन किती तासांत द्यायचं, हे डॉक्टरांना कुणी सांगितलं? तुमच्याआधी जी माणसं पडली त्यांच्या वह्यांनीच ना? त्यांनी घरी बसून असं काहीतरी लिहून ठेवलं असतं, तर तुम्ही आज कुठं असता?"

"तू वकील व्हायचीस," दादा म्हणाले.

"तुमच्याशी संसार करते, तेवढं पुरे आहे."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघेही गेलो. मी मोजा कागदात गुंडाळून नेला होता आणि काय बोलावे याची मनात सविस्तर जुळवणी केली होती. प्रत्यक्षात मी कागद उलगडून टेबलावर ठेवला आणि एवढेच म्हणालो, "बाई, हे मी शिवलं. चूक माझी आहे. दादांना काढू नका."

बाईंनी मोजा हातात घेतला. शिवण न्याहाळली. आत हात घालून पाहिला, आणि टेबलावरची पेन्सिल सहज उचलली. मग त्यांना हसू आवरेना. "धाकटे मास्तर, इतकं चांगलं काम करून इतकं वाटोळं करणारा माणूस मी पहिल्यांदा बघतेय!" हसू ओसरल्यावर त्या गंभीर झाल्या. "बारा दिवस हातचे गेले, हे मी लपवत नाही. ते फार मोलाचे दिवस असतात."

"मग काढणार मला?" दादांनी विचारले. त्यांचा स्वर नेहमीचाच होता. परंतु वहिनींनी त्यांच्या सदऱ्याची बाही धरून ठेवली होती.

"नाही, मास्तर. ज्या गटात तुमचं पाकीट निघालं, त्याच गटात तुम्ही शेवटपर्यंत मोजले जाणार. पिशवी घाला, रेशमी मोजा घाला, नाहीतर घालू नका. घरोघरी माणसं असं काहीतरी करणारच. चुकलेल्यांना गाळून नुसते शहाणे मोजले, तर उपचार कागदावर चांगला दिसेल आणि घरात चालणार नाही. पण वही खरी पाहिजे. प्रत्येक दिवसापुढं काय झालं ते लिहा. जुनं खोडू नका, खाली लिहा."

मी तिथेच बसून बारा दिवसांखाली बारा वेळा लिहिले : मोजा पाच बोटांचा होता, रुग्णाने डाव्या हाताने कामे केली, मोजा रुग्णाच्या भावाने शिवला. बाईंनी ते वाचले आणि नऊच दिवस उरल्याची आठवण करून दिली.

ते नऊ दिवस घरात कोणालाच सुखाचे गेले नाहीत. पिशवीची टोचणारी शिवण तेवढी मी सोडवून बाहेर काढली, तीही बाईंना विचारून. दादा उजव्या हाताने पेला उचलीत आणि निम्मे पाणी छातीवर सांडत. एक बटण लावण्यास त्यांना पंधरा मिनिटे लागत, आणि माझे हात आपोआप पुढे जात.

"भाऊजी!" वहिनी आतून ओरडत. त्यांना दिसत नसे, तरीही कळत असे.

"बसू दे त्याला माझ्या उरावर," दादा दात ओठ खात म्हणत. "हा पंडित माझं जेवणही जेवून टाकेल." आणि पुन्हा बटणाशी झटू लागत. अखेरीस मी माझ्या दोन्ही हातांत मुद्दाम काम धरून बसू लागलो, काज घालण्याचे, ज्यात मध्येच सोडता येत नाही. अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत मी एकवीस सदऱ्यांची काजे पुरी केली होती.

शेवटच्या मोजणीत एका मिनिटात लाकडी ठोकळे एका खणातून दुसऱ्या खणात टाकायचे होते. प्रारंभी दादांनी चौदा टाकले होते, आता तेवीस. ज्या बाई मोजीत होत्या त्यांना दादा कोणत्या गटातले हे ठाऊक नव्हते, आणि आम्हीही बोलायचे नव्हते. वहिनींनी माझ्या पायावर पाय ठेवला होता. तेवीस चांगले की वाईट, असे मी नंतर आमच्या बाईंना विचारले.

"मास्तरांसाठी चांगलं. अभ्यासासाठी, शेकडो माणसं झाल्यावर सांगेन. एकट्या मास्तरांवरून काहीच ठरत नाही."

"ऐकलंस? तुझ्या मोज्यानं जग बुडालेलं नाही," दादा मला म्हणाले.

अभ्यास संपला, पिशवी घरी ठेवण्यास व रोज तीन तास घालण्यास बाईंनी परवानगी दिली. आणखी दोन महिन्यांनी, एका सकाळी, दादा न सांगता कापण्याच्या टेबलाजवळ गेले. सुती कापडाचा तुकडा पसरला. खडूची रेघ उजव्या हाताने ओढली. ती थरथरली, परंतु कडेपासून कडेपर्यंत गेली. मग त्यांनी कात्री उचलली. मी मशीनवरून उठलो नाही. सरळ रेषा त्यांना साधली. जिथे कापड वळते, तिथे कात्री थांबली, एकदा, दोनदा, आणि अंगठा वेदनेने आखडला.

त्यांनी कात्री खाली ठेवून मला जवळ बोलावले. "वळणं माझ्यानं व्हायची नाहीत. निदान एवढ्यात तरी नाहीत. सरळ मी कापतो, वळण तू काप. मी बोट ठेवतो तिथून."

"माझं वळण माहीत आहे ना तुम्हाला? बसता येत नाही लोकांना."

"म्हणून तर बोट ठेवतोय."

त्यांनी उजव्या हाताचे बोट कापडावर टेकवले. मी तेथून कात्री चालवली, ते बोट पुढे सरकवीत गेले, चुकले की टोकू लागले, आणि त्यांच्या टोकण्याला पूर्वीचीच धार होती. संध्याकाळपर्यंत एक पॅन्ट कापून झाली. पूर्वी तेवढ्या वेळात आठ होत.

दुकान बंद करण्याविषयी दादा काही बोलतील म्हणून मी वाट पाहिली. त्यांनी कापडाच्या कडा जुळवून पाहिल्या, एका जागी नख रोवले, आणि म्हणाले, "उद्यासाठी पण एकच काढून ठेव."