बिनचष्म्याची पसंती

दौंडच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या विनोदला जगाचे सगळे भ्रम ठाऊक होते, फक्त स्वतःचे सोडून. पाण्याच्या ग्लासात पेन्सिल उभी करून तो पोरांना विचारायचा, "वाकडी दिसते. पण दिसतं काय? मनातलं चित्र, की खरी पेन्सिल?" आणि उत्तरही स्वतःच द्यायचा, "खरी पेन्सिलच. भ्रमातही वस्तूच दिसते, फक्त वेगळी भासते." पोरं माना डोलवायची, कारण हजेरी त्याच्याच हातात असायची.

आंबेडकर जयंतीच्या सभेत त्यानं केडगावच्या मायाचं भाषण ऐकलं आणि गडी विरघळला. शाळेत शिकवायची, बोलायची खणखणीत. म्हाळूमामांच्या मागं लागून त्यानंच स्थळ नेलं. ही नाही म्हणाली तर आपलं काही खरं नाही, असं त्याला मनापासून वाटत होतं.

मुलगी बघायला जाताना जीपमध्ये मामा म्हणाले, "त्यो चष्मा काढ आधी. सोडावाटरच्या बाटलीचं बूड दिसतंय." एवढा शिकलेला माणूस, पण अक्कल गहाण ठेवून त्यानं चष्मा खिशात टाकला.

बैठकीत पाणी घेऊन कुणीतरी आलं. डोक्यावर पदर, हातात ट्रे, म्हणजे मुलगीच! कुणी काही विचारायच्या आत विनोद बोलून गेला, "मला मुलगी पसंत आहे."

मग ट्रेवाली बाई म्हणाली, "अवो, मी आई हाय तिची, ताईबाई. माया आत पोहे करतीय."

गप्प बसेल तर तो प्राध्यापक कसला! "त्याचं असं आहे, भ्रमातही मला तुम्हीच दिसलात, फक्त वेगळ्या भासलात." मामांनी कपाळाला हात लावला.

पोह्यांची बशी घेऊन माया दारात उभी होती. "चष्मा घाला," ती म्हणाली. त्यानं घातला. सभेतली तीच, तशीच ताठ.

"मी तुम्हाला जयंतीला बघितलंय," तो काकुळतीनं म्हणाला. "तेव्हापासून मनात..."

"ठाऊक हाय. चष्मा लावून पुढंच बसला व्हता. त्यो बघूनच मी या स्थळाला व्हय म्हणले. वाटलं, ह्यो माणूस नीट बघतोय, नीट ऐकतोय." तिनं बशी त्याच्यापुढं ठेवली. "भ्रम मलाबी झालाच की. पोहे खावा, आन् सावकाश जावा."